नाव झाकलेला पेपर

“मैडम, यह पेपर बदल दीजिए. आज ही,” तिवारी सर म्हणाले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, यावरून प्रकरण किती तातडीचं होतं ते समजा.

तिवारी सर आमचे एच.ओ.डी. मी भिलाईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री शिकवायची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. छत्तीसगड अजून व्हायचं होतं, आम्ही मध्य प्रदेशातच होतो. व्हायवा आठवड्यावर आली होती आणि एक्स्टर्नल म्हणून, म्हणजे बाहेरचे परीक्षक म्हणून, डॉ. माथुर येणार असं युनिव्हर्सिटीने नुकतंच कळवलं होतं. एवढा मोठा माणूस आपल्या डिपार्टमेंटला येतो म्हणून सर खुशीत होते. ती खुशी माझ्यासोबत वाटून घ्यायला म्हणून आले आणि मी सांगून टाकलं, “सर, ललिता कापगतेने ज्या पेपरची चिरफाड केली आहे ना, तो यांचाच आहे.”

सरांचा चेहरा पाहून मला हसू आलं. ते मी दाबलं. नोकरी करायची होती.

इथे आमच्या कोर्सबद्दल थोडं सांगायला हवं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी एक पेपर सुरू केला होता, ‘लिटरेचर रिव्ह्यू’. प्रत्येकाला छापून आलेला एक शोधनिबंध द्यायचा. आम्ही त्यालाही पेपरच म्हणतो. विद्यार्थ्याने तो महिनोन्महिने वाचायचा आणि सांगायचं की यात नवीन काय आहे, काय सिद्ध झालं आहे आणि काय नुसतंच म्हटलं आहे. विषय कम्प्युटर वापरून केलेल्या बायोलॉजीचा. आज त्याला कम्प्युटेशनल बायोलॉजी असं भारदस्त नाव आहे. आमच्या डिपार्टमेंटला तेव्हा एकच कम्प्युटर होता. तो तिवारी सरांच्या केबिनमध्ये फुलाफुलांच्या कव्हरखाली झोपलेला असायचा आणि परीक्षेचे रोल नंबर टाईप करायला तेवढा उठायचा. म्हणजे कम्प्युटरच्या बायोलॉजीचा कोर्स आम्ही पेन्सिलीवर चालवत होतो.

पहिल्या वर्षी या कोर्सचा पार फज्जा उडाला. सगळ्यांनी एकच रिव्ह्यू लिहिला: लेखक फार विद्वान आहेत, त्यांनी अथक परिश्रम घेतले आहेत, निष्कर्ष अत्यंत उपयुक्त आहेत. एका मुलाला मी विचारलं, “बेटा, तुला यात एकही गोष्ट खटकली नाही?” तो घाबरून म्हणाला, “मैडम, इतने बड़े आदमी हैं, अमेरिका में रहते हैं.” अमेरिकेत राहणाऱ्याचं चुकत नाही, ही त्याची पक्की श्रद्धा होती.

पुढच्या वर्षीपासून मी नावंच झाकायला लागले. लेखक, त्याची संस्था, मासिक, मागे दिलेल्या संदर्भांमधलं त्याचं स्वतःचं नाव, सगळ्यांवर जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि मग झेरॉक्स काढायचं. सुपेला बाजारातला झेरॉक्सवाला मला विचारायचा, “मैडम, चोरी का माल है क्या?” आज कुठलाही मुलगा दोन मिनिटांत इंटरनेटवरून लेखक हुडकून काढेल. तेव्हा तशी सोय नव्हती, आणि आमच्या लायब्ररीत ती मासिकं येतही नव्हती. पेपर मी स्वतःच कार्डं पाठवून मिळवायची. लेखकाला एक पोस्टकार्ड लिहायचं की आपल्या निबंधाची एक प्रत, म्हणजे रीप्रिंट, पाठवा. तो भला असेल तर पाठवायचा. डॉ. माथुर भले होते. त्यांनी प्रत तर पाठवलीच, वर ‘शुभेच्छांसह’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यावरही मी पट्टी चिकटवली होती.

तर असा तो पेपर ललिताच्या वाट्याला आला होता.

त्यात काय होतं ते सोपं करून सांगते. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. मणी वीस प्रकारचे. ही माळ सरळ राहत नाही. कुठे स्प्रिंगसारखी वळते, कुठे पट्टीसारखी सपाट होते. मणी कुठल्या क्रमाने आहेत हे शोधणं त्या मानाने सोपं, पण माळेचा आकार शोधायला वर्षं जायची. म्हणून लोक असे नियम बसवायला बघत होते की नुसता मण्यांचा क्रम दिला की कम्प्युटरने सांगावं, इथे स्प्रिंग, इथे पट्टी. माथुरांनी तसेच नियम बसवले होते. काही प्रोटीनं घेऊन नियम तयार केले, मग दुसरी प्रोटीनं घेऊन ते पारखले. निकाल झकास आला होता.

ललिताने एवढंच पाहिलं की ही ‘दुसरी’ प्रोटीनं खरंच दुसरी आहेत का. नियम तयार करताना घोड्याचं हिमोग्लोबिन घेतलं होतं आणि पारखताना माणसाचं. आता घोडा आणि माणूस दिसायला वेगळे असतील, पण त्यांची हिमोग्लोबिनं म्हणजे सख्खे चुलतभाऊ. ट्यूशनला सोडवून घेतलेली गणितंच परीक्षेत आली तर सगळा वर्ग हुशार ठरणार, तसं ते झालं होतं. असे चुलतभाऊ तिने आणखीही शोधले होते. ते बाजूला काढले की माथुरांचा झकास निकाल एकदम साधारण होत होता.

शोधले कसे, तर ग्राफपेपरवर. आडवी एका प्रोटीनची माळ लिहायची, उभी दुसऱ्याची, आणि मणी जुळला तिथे ठिपका द्यायचा. नातं नसेल तर ठिपके कसेही सांडतात. नातं असेल तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ उमटते. कम्प्युटर हे काम क्षणात करतो. ललिताने ते पेन्सिलने केलं, एकेका जोडीसाठी, ग्राफपेपरला ग्राफपेपर चिकटवून.

पोरगी अशी चिवट. पण नशिबाने सीमारेषेवर. आधीच्या वर्षी ऐन परीक्षेत टायफॉईड झाला आणि मार्क घसरले. पहिला वर्ग मिळवायचा तर या पेपरात भरघोस मार्क हवेतच. आणि पहिला वर्ग असेल तरच हैदराबादच्या एका संस्थेत रिसर्चच्या इंटरव्ह्यूला बसता येणार होतं. तो चुकला तर घरच्यांनी बी.एड.चा फॉर्म आणूनच ठेवला होता. बी.एड. वाईट नाही, माझी सख्खी बहीण बी.एड. आहे. पण ललिताला ते नको होतं आणि मलाही तिच्यासाठी ते नको होतं.

“सोचिए,” तिवारी सर म्हणाले, “वो उस आदमी के मुँह पर बोलेगी कि आपका काम कच्चा है. नंबर किसके हाथ में हैं?”

“मग तिला सांगून टाकू का, लेखक कोण ते?”

“बिल्कुल नहीं! डर जाएगी, एक शब्द नहीं बोलेगी. पेपर बदलिए. कोई सीधा-सादा दीजिए.”

सरांचं चूक नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. मी कपाटातून एक निरुपद्रवी पेपर काढला, पर्समध्ये घातला आणि संध्याकाळी मरोद्याच्या वसाहतीत ललिताच्या घरी गेले.

ललिताचे वडील स्टील प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. मूळचे भंडाऱ्याकडचे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत फरशीभर ग्राफपेपर पसरलेले होते आणि ललिता त्यांच्या मधोमध उकिडवी बसलेली. तिचे वडील भिंतीच्या कडेकडेने, पाय जपत, माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले.

“बसा जी मॅडम. पाय ठेवाले जागा नाई घरात. आठ दिवस झाले, आमी सारे भिताडाले चिपकून चालून राहिलो.”

“बाबा, तुमी त्याच्यावर उभे आहा,” ललिता ओरडली. वडिलांनी घाईने पाय उचलला. घोड्याच्या शेपटीकडचा भाग होता बहुतेक.

मी पर्समधला पेपर काढला. “ललिता, व्हायवाला हा घेशील का? त्याच्याऐवजी.”

“कावून मॅडम? माझं काही चुकलं काय?”

“नाही नाही. चुकलं काही नाही.”

“मंग?”

मग काय, हेच तर सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, “हा जरा सोपा आहे.”

तिने पेपर चाळला. पोरगी भराभर वाचायची. मी चहा संपवेपर्यंत तिचं वाचून झालं आणि ती फार पडलेल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, याच्यात त सारंच बरोबर आहे. मी बोलू काय?”

“अवं, मॅडम म्हणून राहिल्या त बदलून टाक ना,” आई आतून म्हणाली. “त्यायले जास्त समजते का तुले?”

ललिताने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “तुमीच म्हटलं होतं, जे दिसलं ते लिहाचं. मले हे दिसलं. आता मी दुसरंच कावून बोलू?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिची काळजीही वाटली. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मास्तरकी करणाऱ्यांना माहीत असतं. आईने आणलेला चिवडा मी खाल्ला, निरुपद्रवी पेपर परत पर्समध्ये घातला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिवारी सर म्हणाले, “तो, पेपर बदल गया?” मी म्हटलं, “वो नहीं मानी.” “और आपने मान लिया?” “हो.” सर म्हणाले, “ठीक है. लंच मैं देख लेता हूँ.”

लंचचा यात काय संबंध ते मला व्हायवाच्या दिवशी कळलं.

सर स्वतः पहाटे दुर्ग स्टेशनवर जाऊन माथुरांना घेऊन आले. माथुर उंच, पिकलेल्या केसांचे, फार हळू बोलणारे. सकाळी बाकीच्या मुलांच्या व्हायवा झाल्या. ललिताचं नाव सरांनी मुद्दाम सगळ्यात शेवटी टाकलं होतं, जेवणानंतर. आणि जेवण असं ठेवलं होतं की लग्नातही ठेवत नाहीत. पुऱ्या, मटर पनीर, दहीवडे, गुलाबजाम. माथुर नको नको म्हणत होते आणि सर “सर, एक तो और” म्हणत वाढत होते. बेत साधा होता. माणूस खाऊन सुस्तावेल, पोरगी घडाघडा बोलून मोकळी होईल, सर मार्कांचा कागद पुढे करतील आणि गाडीची वेळ झाली म्हणतील.

बेत जवळजवळ जमलाही. ललिताने फळ्यावर ग्राफपेपर लटकवले तेव्हा माथुरांचे डोळे अर्धे मिटलेले होते. व्हायवा इंग्रजीत चालायची. ललिताने पेपरचा विषय सांगितला, पद्धत सांगितली. मग म्हणाली, “आता टेबल तीन पाहू,” आणि ते टेबल तिने फळ्यावर लिहायला घेतलं.

स्वतःचं टेबल माणूस झोपेतही ओळखतो. माथुरांचे डोळे उघडले. ते सरळ बसले. त्यांनी टेबल वाचलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तिवारी सर खिडकीकडे बघत होते.

माथुरांनी तिला पुढे बोलू दिलं. घोडा झाला, माणूस झाला, तिरक्या रेघा झाल्या. चुलतभाऊ वगळल्यावर उरलेला निकाल तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. ते ओढणं मला जरा जास्त वाटलं.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हळू आवाजात, पण एकेक प्रश्न धारदार.

“लेखकाने हे काम केलं तेव्हा आकार माहीत असलेली प्रोटीनंच किती थोडी होती. त्याने आणायची कुठून?”

“थोडी होती हे खरं आहे, सर. मग निकाल थोड्यांवरचा आहे असं लिहायला हवं होतं.”

“कदाचित त्याला हे नातं माहीत नसेल.”

“घोड्याच्या आणि माणसाच्या हिमोग्लोबिनचं? सर, ते आम्हाला बी.एस्सी.ला होतं.”

तिवारी सरांनी रुमाल काढून मान पुसली.

“म्हणजे तुझ्या मते हा पेपर टाकाऊ आहे?”

“नाही सर,” ललिता चटकन म्हणाली. “नियम मनाने बसवलेले नाहीत, विचार करून बसवलेत. पारखताना घाई झाली.”

माथुरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. “कुमारी कापगते, हा पेपर माझा आहे.”

माझ्या मनात आलं, गेलं हैदराबाद. माझ्या हट्टापायी पोरीचं वर्ष गेलं. ललिताने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं?

आणि तिचा चेहरा खुलला. खरंच खुलला. इंग्रजी गेली, व्हायवा गेली, ती भरभर हिंदीत बोलायला लागली. “सर, सच में आपका है? फिर तो आप ही बता सकते हैं! मैं तीन महीने से अटकी हूँ. यह देखिए, टेबल में नीचे से दूसरा. इसका किसी से कोई रिश्ता नहीं, मैंने सबके साथ लगाकर देखा. फिर भी आपका नियम इस पर एकदम सही बैठता है. क्यों, सर? मेरी बात इसी एक पर टूटती है.”

तिने शेवटचा ग्राफपेपर उलगडून त्यांच्यापुढे टेबलावरच पसरला. ठिपके कसेही सांडलेले. रेघ कुठेही नाही.

माथुरांनी चष्मा परत लावला. त्या ठिपक्यांवरून त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, “मालूम नहीं.” पुढे म्हणाले, “मुझे भी यह तब बहुत खटका था. सोचा था कोई पूछेगा तो बैठकर देखेंगे.” आणि मग अगदी हळू, “किसी ने पूछा ही नहीं.”

एवढा नावाजलेला माणूस. पेपर छापून आला, लोकांनी वाहवा केली असेल, आपापल्या पेपरांमध्ये त्याचा उल्लेख केला असेल. आणि नीट बसून वाचलं कोणी, तर मरोद्याच्या क्वार्टरमध्ये फरशीवर बसलेल्या एका मुलीने.

पुढचा तासभर त्या दोघांनी तो ग्राफपेपर सोडला नाही. ती पेन्सिलने काही दाखवायची, ते “नहीं, नहीं” म्हणून तिच्या हातातली पेन्सिल घ्यायचे. तिवारी सरांनी दोनदा गाडीची आठवण केली. दुसऱ्यांदा माथुर त्यांना म्हणाले, “आप चाय मँगवाइए.”

कोडं सुटलं नाही. मार्क मात्र त्यांनी तिथेच लिहिले, कागद उलटा करून सरांच्या हातात दिला. सरांनी तो वाचला आणि मला खुणेनेच सांगितलं की झालं.

दुर्ग स्टेशनवर पोचवायला मीही गाडीत होते. नेहरूनगरला माथुर म्हणाले, “यह रीप्रिंट मैंने ही आपको भेजा था न?”

“हो सर. शुभेच्छांसह.”

ते हसले. “नाम ढँका न होता, तो वह यह सब बोलती?”

“नाही बोलली असती.”

“हूँ. मेरी तारीफ़ करती. और मैं खुश होकर पूरे नंबर दे देता.” खिडकीबाहेर बघत ते पुढे म्हणाले, “आज मैंने थोड़े काटे हैं.” कशासाठी ते सांगायला त्यांनी हवेत बोटाने दोन रेघा ओढून दाखवल्या, ललिताने फळ्यावर ओढल्या होत्या तशा. मला ते पटलं.

ललिताला पहिला वर्ग मिळाला, काठावरचा, पण मिळाला. ती हैदराबादला गेली. ग्राफपेपर घेऊनच गेली. तिच्या वडिलांनी मला भेटून आवर्जून सांगितलं की आता घरात चालाले जागा झाली.

कोर्सला काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी तिवारी सरांनी नवा नियम तेवढा काढला: नावं झाकायला हरकत नाही, परंतु निवडलेला पेपर शक्यतो परदेशी लेखकाचा असावा, आणि लेखक हयात नसल्यास उत्तम. परदेशी लेखकाचं मी पाळलं. त्याची मात्र मला अजून हळहळ वाटते, कारण परदेशी लेखक भिलाईला येत नाहीत, आणि ज्याला विचारायचं तो समोर बसलेला असताना होते तशी व्हायवा माझ्या उरलेल्या नोकरीत पुन्हा झाली नाही.